शिक्क्याविना सिंगापूर

मुंबईच्या विमानतळावर दाजींनी शेवटचा बार भरला, उरलेली तंबाखूची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डब्याकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, माहेरचं माणूस सोडून चालल्यागत वाटतंय."

सिंगापूरला खायची तंबाखू नेता येत नाही. च्युइंगगमवर तिथे १९९२ पासून बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण दाजींना च्युइंगगमचं सोयरसुतक नव्हतं. ताईनं बांधून दिलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी तर मी आदल्या रात्रीच पिशवीतून काढून फडताळात मागे सरकवली होती. तिच्यात खसखस होती, आणि खसखस हा तिकडे अमली पदार्थांच्या खात्याचा विषय आहे. ताईला हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. "माझ्या मसाल्याला गर्द म्हणतोस?" एवढंच ती म्हणाली असती, पण ते पुढची दहा वर्षं म्हणाली असती.

दाजींची शिरोलीला फाउंड्री आहे. पंपाची कास्टिंग करतात. इंडोनेशियातल्या एका गिऱ्हाइकाला माल पसंत पडला, भाव पसंत पडला, फक्त त्याचं म्हणणं असं की बिल सिंगापूरच्या कंपनीचं द्या, आमच्याकडे तशी पद्धत आहे. म्हणजे बीड कोल्हापूरचं, वाळू कोल्हापूरची, घाम कोल्हापूरचा आणि बिल सिंगापूरचं. दाजींनी दोन दिवस विचार केला आणि मला फोन केला. मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. दोन फोटो, लाइट बिल आणि जामीनदार आणल्याशिवाय मी सख्ख्या मावसभावाचं खातं उघडलं नव्हतं. कागदाच्या बाबतीत माझ्याइतका छळवादी माणूस घराण्यात दुसरा नाही, हे दाजींना ठाऊक होतं. म्हणूनच मला नेलं.

चांगी विमानतळावर पहिला धक्का बसला. यंत्रावर पासपोर्ट ठेवला, अंगठा टेकवला, काचेचं दार उघडलं आणि आम्ही देशात. दाजींनी पासपोर्टची पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

"शिक्का?"

"मारत नाहीत आता. परवानगी ई-मेलवर येते."

"मग आलो हे कुणाला पटायचं?"

ताईला, असं त्यांना म्हणायचं होतं. पण प्रश्न रास्त होता. आपल्याकडे शिक्का हा कागदाचा प्राण. माझ्या टेबलावर सहा शिक्के होते: एक गोल, एक चौकोनी, एक तारखेचा, एक 'अस्सल पाहून खात्री केली'चा, एक नामंजुरीचा, आणि एक कशाचा ते मलाही शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो मारल्याशिवाय हेड ऑफिस कागद घेत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटबाईंचं ऑफिस गाठलं. सिंगापुरात कंपनी काढायची तर सगळं काम सरकारच्या बिझफाइल नावाच्या पोर्टलवर होतं. पण त्यात शिरायला तिथली डिजिटल ओळख लागते आणि ती परदेशी पाहुण्याकडे नसते. म्हणून नोंदणीकृत एजंट धरावा लागतो. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'अ‍ॅक्रा' म्हणतात. दाजींनी ते पहिल्यापासून 'अकरा' असंच ऐकलं. लिफ्टमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे बाकीची धा ऑफिसं फिरायची न्हाईत न्हवं?"

ऑफिस कसलं, एक खोली. चार टेबलं, एक कुंडी, आणि भिंतीवर मुंगीच्या अक्षरात कंपन्यांची नावं. कंपनीला तिथला खरा पत्ता लागतो, टपालपेटीचा नंबर चालत नाही, म्हणून एजंट आपलाच पत्ता भाड्यानं देतात. दाजींनी नावं मोजायला सुरुवात केली, साठाच्या पुढे चुकले, परत पहिल्यापासून मोजली, परत चुकले. मग खोलीतल्या खुर्च्या मोजल्या. त्या सात भरल्या.

"हे सगळं कारखानदार बसत्यात कुठं?"

बाईंना मी याचं भाषांतर करून सांगितलं नाही.

बाई तिशीतल्या, तमिळ वळणाच्या, मला 'अंकल' आणि दाजींनाही 'अंकल' म्हणणाऱ्या. पहिला प्रश्न भांडवलाचा. किमान किती लागेल, म्हणून दाजींनी आवंढा गिळून विचारलं. बाई म्हणाल्या, एक डॉलर. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरंच एक डॉलर, आपले साठ-सत्तर रुपये. खाली कोपऱ्यावर दाजींनी नुकतीच कोपी घेतली होती. कोपी म्हणजे तिथली कॉफी, तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वर डांबर. तिला याहून जास्त पडले होते. कंपनीचं भांडवल तिच्या चहापाण्यापेक्षा कमी असलेला देश त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सरकारी फी मात्र नावाची पंधरा डॉलर आणि नोंदणीची तीनशे. म्हणजे बाळापेक्षा बारसं महाग.

नावाचं प्रकरण जरा लांबलं. दाजींची पहिली पसंती करवीरनिवासिनीला. तिच्या नावाशी मिळतंजुळतं काही ना काही आधीच नोंदलेलं निघालं. पश्चिम महाराष्ट्रात जे होतं तेच तिथेही झालं. मग जोतिबा, मग गावाचं नाव, मग नातवाचं. शेवटी दाजी गप्प बसले, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "आईचं लावा."

इथे माझी पंचाईत झाली. निघताना ताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नाव कुणाचं लागतंय याच्यावर लक्ष ठेव, मी काही म्हणत नाही. ताई 'मी काही म्हणत नाही' म्हणते तेव्हा ती काय म्हणते ते सगळ्या घराला कळतं. मी दाजींना आडून आडून सुचवून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. बाईंनी सासूबाईंचं, म्हणजे दाजींच्या आईचं, नाव टाइप केलं आणि ते काही मिनिटांत मंजूरही झालं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. हा लेख ताईही वाचणार आहे.

पुढचा प्रश्न धंद्याचा. तिथे प्रत्येक धंद्याला पाच आकडी कोड असतो. दाजी म्हणाले, आता कास्टिंग, पुढं हळद, मिळाली तर काकवी. बाईंनी जरा शोधून एक कोड वाचून दाखवला. त्याचा अर्थ साधारण असा: नाना प्रकारच्या मालाची घाऊक विक्री, मुख्य माल असा कोणताच नाही. दाजी खूश झाले. आमच्या गावातल्या सगळ्या दुकानांचं वर्णन एका ओळीत झालं होतं.

मग डायरेक्टर. कायदा असा की निदान एक डायरेक्टर सिंगापूरचा रहिवासी हवाच. आपला कुणी नसेल तर एजंट पैसे घेऊन एक उभा करून देतात. तो नावापुरता असतो, कारभारात तोंड घालत नाही, वर्षाची फी घेतो. ही फी ऐकल्यावर भांडवलाच्या एका डॉलरचा आनंद मावळला. पण दाजींना पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खुपली. त्यांच्या फाउंड्रीत तीन डायरेक्टर आहेत: ते, ताई आणि धाकटा भाऊ. बाहेरचा माणूस त्या कागदावर कधी आलेला नाही.

"कोण हाय ह्यो? गाव कुठलं? पाव्हण्यापैकी कोण?"

तेवढ्यात ते गृहस्थच आले. साठीचे, चिनी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. हसले, कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, सही केली आणि दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचे डायरेक्टर व्हायला निघून गेले. मी दाजींना समजावलं, की लग्नात मुलीच्या मागे मामा उभा राहतो ना, तसं आहे हे. मामा लागतो. नसला तर मानलेला आणतात. पण हुंडा, मानपान, जेवणाचा बेत यांत त्याला कुणी विचारत नाही. दाजींना हे पटलं. तेव्हापासून ते त्या गृहस्थांना 'मामा' म्हणतात. परवा कोल्हापुरातून फोनवर त्यांनी बाईंना "हाऊ इज मामा?" असं विचारलं. बाईंनी फाइन म्हणून सांगितलं. कोण मामा, हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

कंपनीला सेक्रेटरीही लागतो, तोही रहिवासी, सहा महिन्यांच्या आत. ते बाईंनी स्वतःकडे ठेवलं. मग त्यांनी एक बटण दाबलं. आम्ही रांगेची, टोकनची, "उद्या या"ची तयारी करून बसलो होतो. दाजींनी तर पेढ्याचा पुडा वर ठेवून त्याची गाठ सैल केली होती, कारण कुणाचं तोंड गोड करावं लागेल ते सांगता येत नाही.

"डन," बाई म्हणाल्या.

"म्हणजे अर्ज गेला?"

"म्हणजे कंपनी झाली, अंकल."

स्क्रीनवर नंबर आला होता. पहिले चार आकडे सालाचे, मग आणखी पाच, शेवटी एक अक्षर. दाजींच्या हातात कोपीचा पेला होता आणि त्यातून अजून वाफ निघत होती. मी आयुष्यात एवढ्या वेळात चेकबुकसुद्धा दिलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडा अपमानच वाटला.

"सर्टिफिकेट?" दाजी म्हणाले.

"ई-मेलवर."

"त्याच्यावर शिक्का?"

बाईंनी शांतपणे सांगितलं, की शिक्का नसतो. कंपनीनं स्वतःचं सील ठेवायची सक्तीही २०१७ पासून गेली. दाजींचा चेहरा पडला. मुलगा झाला पण रडला नाही, असं ऐकल्यावर पडावा तसा.

पेढे मात्र बाईंनी घेतले.

दुपारी जेवायला 'लाउ पा सात' मध्ये गेलो. ऑफिसांच्या उंच इमारतींच्या मधोमध बसलेला हा जुना अष्टकोनी बाजार, आता खाण्याच्या गाळ्यांनी भरलेला. टेबलांवर माणसं नव्हती, पण बऱ्याच टेबलांवर टिश्यू पेपरची पाकिटं होती. पाकीट ठेवलं की जागा धरली, असा तिथला रिवाज. त्याला ते 'चोप' म्हणतात. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त भांडण होत नाही. दाजींनी खिशातला रुमाल काढून एका टेबलावर टाकला आणि लगेच उचलला. म्हणाले, "आपला रुमाल हाय, कुणी पुसायला घ्यायचं."

मी भात आणायला गेलो. परत येतो तर दाजी टेबलाजवळ नाहीत. एका खांबाला चिकटून उभे. आधी तळहात फिरवला, मग बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, परत टकटक. शेजारच्या टेबलावरची टायवाली मंडळी नूडल्स हवेत धरून बघत होती.

"बीड हाय," दाजी म्हणाले. आवाजात दोन दिवसांत प्रथमच जान आली होती. "ओतीव. ह्यो साधा खांब न्हवं. ही नक्षी बघा, ही सांध्याची रेघ बघा. दोन भागांत मोल्ड केलाय. एक ब्लोहोल दिसतंय का? न्हाई दिसायचं."

खरंच होतं. तो बाजार १८९४ चा, आणि त्याचं लोखंड ग्लासगोच्या फाउंड्रीतून बोटीनं आलेलं. १९८६ साली खालून भुयारी रेल्वे न्यायची म्हणून सगळा सांगाडा सुटा करून ठेवला आणि काम झाल्यावर परत जोडला. मी हे वाचून गेलो होतो, तसं दाजींना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ग्लासगोहून सिंगापूरला कास्टिंग पाठवणाऱ्यानं बिल कुठल्या कंपनीचं लावलं होतं. मला माहीत नव्हतं. भात थंड झाला.

जेवण झाल्यावर नदीकडे चालत निघालो. वाटेत कॅव्हेना पूल लागतो, दीडशे वर्षांचा, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. त्याच्या तोंडाशी पोलिसांची जुनी पाटी अजून आहे: ठरावीक वजनापेक्षा जड वाहनांना, तसंच सर्व गुरांना आणि घोड्यांना मनाई. ते वजन आपल्या हिशेबात दीडशे किलोच्या आसपास भरतं. दाजींनी पाटी दोनदा वाचून घेतली. "एकदा तरी म्हस गेली असणार हितनं," ते म्हणाले. "त्याशिवाय पाटी लावत न्हाईत." मग पलीकडच्या काचेच्या बँका बघत बराच वेळ उभे राहिले.

शिक्क्याचा विषय संपलेला नव्हता. संध्याकाळी चायनाटाउनात फिरताना एका जिन्याखाली बोळाएवढं दुकान दिसलं, बाहेर रबरी शिक्क्यांचे नमुने टांगलेले. दाजी तिथे थांबले ते थांबलेच. आतल्या म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघून विचारलं, "कंपनी चॉप?"

दाजी दचकले. "मटणाचं?"

सिंगापुरात, मलेशियात शिक्क्याला 'चॉप' म्हणतात. मी नोकरीत असताना परदेशी पतपत्रांवर हा शब्द पाहिला होता आणि हेड ऑफिसला त्याचा खुलासा विचारला होता. हा आपलाच शब्द आहे. हिंदीतला 'छाप' मलायला गेला, तिथून इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडात बसला आणि 'चॉप' होऊन बसला. दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या म्हाताऱ्याकडे गाववाला भेटल्यासारखं पाहिलं. कायद्याला नको असलेला, कुणी न मागितलेला शिक्का त्यांनी तिथे बनवून घेतला. गोल, निळ्या शाईचा, मधोमध आईचं नाव. पहिला ठसा त्यांनी स्वतःच्या पासपोर्टवर मारायला काढला होता. मी हात धरला म्हणून वाचलो.

आता बँक. कंपनी काढणं सोपं, खातं उघडणं अवघड, असं बाईंनी जाताना सांगितलं होतं. मी मनातल्या मनात हसलो होतो. बँक म्हणजे माझं घरचं मैदान.

काचेच्या खोलीत समोर एक मुलगा बसला. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, अतिशय नम्र. त्या नम्रतेनंच मला पहिल्यांदा शंका आली, कारण नामंजूर करायचं असलं की मीही असाच नम्र व्हायचो. त्यानं विचारलं, की कंपनीचा अंतिम लाभधारक मालक कोण. दाजी म्हणाले, "मी." मग थोडं थांबून, "आन् वर अंबाबाई." दुसरा भाग मी गाळला.

पुढचा प्रश्न, तुम्ही किंवा तुमच्या जवळच्या नात्यातलं कुणी राजकीय किंवा सार्वजनिक पदावर आहे का? मी टेबलाखालून दाजींच्या पायावर पाय ठेवला. उपयोग झाला नाही. हा प्रश्न दाजींना आजवर कुणी इतक्या अदबीनं विचारला नव्हता. वहिनी सरपंच होत्या, थोरले चुलते पंचायत समितीवर दोन टर्म, साडू साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मुलगा लिहीत राहिला. दाजींना वाटलं वजन पडतंय. वजन पडलंच. आणखी तीन पानांचा फॉर्म आला.

मग संपत्तीचा उगम. सुरुवातीचा पैसा आला कुठून? दाजी म्हणाले, वडिलांची जमीन आणि उसाची बिलं. पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून सातबारा काढला. मुलानं तो उलटा धरला, मग सुलटा, मग मलाच भाषांतर करायला सांगितलं. मी करत गेलो. क्षेत्र, आकार, जिराईत, बागाईत, इथवर निभलं. पुढे 'पोटखराबा' आला. एकतीस वर्षं मी हा शब्द रोज वाचला, पण इंग्रजीत कधी विचार केला नव्हता. घाईत तोंडातून निघून गेलं, "स्टमक ट्रबल." मुलानं काळजीनं दाजींकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

शेवटी पत्त्याचा पुरावा. लाइट बिल. दाजींनी ते अभिमानानं टेबलावर ठेवलं. बिल दाजींच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन बावीस वर्षं झाली. मीटर अजून त्यांचंच आहे, वीज तेच जाळतात, पैसे दाजी भरतात. निम्म्या महाराष्ट्राचं असंच आहे.

मुलगा म्हणाला, "अंकल, हे नाव वेगळं आहे."

हेच वाक्य. ह्याच आवाजात. मी किती जणांना म्हटलं असेन? मार्केट यार्डातल्या हमालांना, बचत गटाच्या बायकांना, एकदा एका पेन्शनरला सलग तीन वेळा. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलाला सांगू लागलो, की साहेब, तिकडे अशी पद्धत आहे, नाव बदलायला वेळ लागतो, माणूस खरा आहे, मी ओळखतो. तो ऐकत होता. मी त्या पेन्शनरचं ऐकत होतो तसाच.

पासपोर्टवरच्या पत्त्यावर तो कसाबसा राजी झाला. पण पासपोर्टची प्रत, सातबाऱ्याचं अधिकृत भाषांतर आणि संचालकांचा ठराव ह्या सगळ्यांवर नोटरीची सही पाहिजे, म्हणाला.

"आणि शिक्का," तो पुढे म्हणाला. "प्रत्येक पानावर."

दाजी खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्या मुलाचा हात दोन्ही हातांत घेतला.

कोल्हापुरात परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही कसबा बावड्याला कोर्टाबाहेर वकिलांच्या टेबलापाशी होतो. वाटेत दाजींनी तंबाखूचा डबल बार भरला होता. नोटरीनं कागद ओढून घेतले, वर तिकीट लावलं, लाल गोल चिकटवला आणि ठोकायला सुरुवात केली. एक चपटा, एक गोल, एक तारखेचा, एक रजिस्टर नंबरचा. दाजी प्रत्येक ठोक्याला मान हलवत होते. संपल्यावर त्यांनी मोजले. एकाच पानावर अकरा.

"अकरा!" ते मला म्हणाले. "आता झाली कंपनी."

कागद स्कॅन करून पाठवले. आठ दिवसांनी बँकेचं उत्तर आलं. दाजींनी फोन माझ्याकडे दिला, कारण बँकेची भाषा मला कळते. आपल्या सहकार्याबद्दल आभार वगैरे लिहून खाली एकच ओळ होती: शिक्क्यांमुळे अर्जदाराचं नाव वाचता येत नाही, कृपया स्पष्ट प्रत नव्यानं पाठवावी.

दाजींनी विचारलं, "काय म्हंतोय?"

मी म्हणालो, "चौकशी करतोय. तब्येत विचारलीय तुमची."